कपाटाच्या दारावरची यादी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, आणि दर वेळी मी ती टाळली. आता लिहायला बसले आहे तरी हात सारखा थांबतोय. कारण मला माझाच संशय येतो. चूक कबूल करणारा माणूस लोकांना चांगला वाटतो — आणि मला चांगलं वाटून घ्यायची सवय आहे. तेव्हा तुम्ही जरा जपून वाचा. जिथे मी फार हळवी होईन तिथे माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आम्ही सोनिवलीचे. आमची शेती होती तिथे आता सात मजली इमारतींचं संकुल उभं आहे. माझ्या काकांनी जमीन बिल्डरला दिली तेव्हा बदल्यात त्यांना दोन फ्लॅट आणि तळमजल्यावर एक गाळा मिळाला. काका मात्र फ्लॅटमध्ये गेले नाहीत. गावठाणातल्या जुन्या घरातच राहिले, आमच्या घराच्या बरोबर समोर. वडिलांचा टेम्पो आहे, आई शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला जाते. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही — पुढचं सगळं याच एका गोष्टीवर घडलं म्हणून सांगते. कुठलाही कागद आला की हाक माझ्याच नावाने. विजेचं बिल, बँकेची चिठ्ठी, रेशनचा फॉर्म. मी वाचून सांगायचे आणि काका मान हलवायचे. मी जे वाचेन ते खरं.

उल्हासनगरच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला समाजशास्त्राचा प्रकल्प होता. मॅडमनी विषय वाटले. माझ्या वाट्याला आला — परिसरातील मुस्लिम मुलांच्या धार्मिक शिक्षणाची व्यवस्था. मी विषय बदलून मागितला. मॅडम म्हणाल्या, "का गं? तुमच्या सोनिवलीतच एक वर्ग आहे की. चालत जाशील." त्यांना कसं माहीत, याचंही मला तेव्हा नवल वाटलं. आणि तो वर्ग चालायचा तो काकांच्याच गाळ्यात. मी रोज समोरून जायचे, आत कधी पाहिलं नव्हतं. शटर निम्म्यावर ओढलेलं, खालून मुलांच्या चपला दिसायच्या आणि सगळ्यांचा एकदम वाचायचा आवाज यायचा. मला तो आवाज आवडायचा नाही. का? त्यातला एक शब्द कळत नव्हता म्हणून. एवढंच कारण होतं, पण तेव्हा मला ते पुरेसं वाटायचं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जा. पर तिकरं काय खाव नको, पानी पिव नको." काकांचा मुलगा नितेशदादा हसला. "जा जा. आत काय चाललंय ते आम्हाला तरी कळेल." तो संकुलात फ्लॅट भाड्याने लावून द्यायचं काम करायचा. त्याला तो गाळा स्वतःच्या ऑफिससाठी हवा होता आणि काका देत नव्हते. कारण काकांनी शब्द दिला होता. संकुलात मुंबईहून राहायला आलेली पंचवीसएक मुसलमान कुटुंबं आहेत. त्यांच्यातली चार माणसं काकांकडे आली होती — पोरांना शिकवायला जागा द्या म्हणून. काका म्हणाले, पडूनच आहे, घ्या. दादाला गाळा हवा होता हे मला माहीत होतं. हे इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला ते विसरता येणार नाही.

पहिल्यांदा गेले तो सोमवार होता, दुपारी साडेचारनंतर. शिकवणारे हाफिजसाब — हाफिज म्हणजे ज्यांना अख्खं कुराण पाठ आहे ते — सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. बारीक, चष्मा, दाढी विरळ. मूळचे बिहारकडचे, शिकले मालेगावच्या बाजूच्या एका मोठ्या मदरशात. माझं वहीतलं पहिलं वाक्य असं आहे — "शिक्षक नजरेला नजर देत नाहीत." मी ते मुद्दाम लिहून घेतलं. परक्या मुलीकडे न पाहणं ही त्यांची रीत असेल, हे सुचलंच नाही.

त्यांनाही माझा संशय आलाच. कॉलेजचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

"आपको भेजा किसने?"

"कॉलेजने."

"कॉलेज को हमसे क्या काम?"

मी प्रकल्पाचं सांगितलं. मग त्यांनी माझं नाव एका वहीत उतरवून घेतलं आणि मोबाइल नंबर मागितला. मी खोटा नंबर दिला. शेवटचा आकडा बदलला. कशासाठी? आपण यांच्या गाळ्यात येऊन यांना प्रश्न विचारणार, आणि यांनी आपला नंबर विचारला तर आपल्याला धोका वाटणार — असंच काहीतरी असावं.

"बैठिए," ते म्हणाले, "लेकिन बच्चों के फोटो मत निकालना. माँ-बाप को अच्छा नहीं लगता."

मी बसले, आणि जे दिसेल त्याकडे चोर शोधावा तसं पाहू लागले. शटर निम्म्यावर का? मुलं पुढे-मागे डुलत का वाचतात? कोपऱ्यातलं लोखंडी कपाट कशाला? भिंतीवर घड्याळाच्या खाली सहा घड्याळांची चित्रं आणि प्रत्येकात वेगळी वेळ, ही काय भानगड? मी एकेक लिहीत गेले. आज ती वही उघडली की लाज वाटते. शटर निम्म्यावर होतं, कारण गाळ्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि त्या वेळी ऊन थेट मुलांच्या डोळ्यांत येतं. घड्याळं नमाजच्या वेळांची होती, पाच रोजच्या आणि एक शुक्रवारच्या. हे सगळं मला एका मुलीने सांगितलं, सानियाने. नऊ वर्षांची, बदलापूरच्या मराठी शाळेत चौथीत. माझ्याहून स्वच्छ मराठी बोलते.

"ताई, तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का?" तिने विचारलं. "आमच्या शाळेत इन्स्पेक्शनला येतात ते पण असेच बसतात. असं तोंड करून."

तिने सगळी व्यवस्था समजावली. इथे राहणारी मुलं नाहीत. राहून शिकतात तो मदरसा, हा मक्तब — शाळा सुटल्यावर दीड-दोन तास यायचं. आधी कायदा म्हणजे अक्षरांचं पुस्तक, मग एकेक सिपारा म्हणजे कुराणाचा एकेक भाग. असे तीस सिपारे. सगळे एकदम वाचत असले तरी प्रत्येकाचं पान वेगळं. हाफिजसाब एकेकाला जवळ बोलावून त्याचा त्याचा धडा ऐकतात, चुकलं तर आजचाच उद्या परत. मोठी मुलं छोट्यांचं ऐकतात. शुक्रवारी सुट्टी. सानियाचा सत्ताविसावा सिपारा चालू होता, वर्गात सगळ्यांच्या पुढे तीच. तीस पुरे झाले की तिच्या घरून सगळ्या वर्गाला मिठाई वाटणार होते. आईने दुकानसुद्धा ठरवलं होतं, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातलं. "बालुशाही," ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही कोणाला सांगू नका."

मग बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि हाफिजसाब शटरखालून वाकून गेले. कपाटाचं दार उघडंच राहिलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. वहीचं दुहेरी पान. त्यावर इंग्रजी आकड्यांत फ्लॅटचे नंबर — ए-१०३, ए-६०१, बी-२०४, असे वीसएक. प्रत्येकापुढे उर्दूत काहीतरी. आणि तीन नंबरांपुढे लाल फुली.

आता मला सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? — नाही, हा प्रश्न मी खोडते. तुम्हाला काय वाटलं असतं याच्याशी मला काही करायचं नाही. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, सापडलं. अक्षरशः हाच शब्द. बी-२०४ मध्ये सुर्वे राहतात, कोकणातले, आमच्या ओळखीचे. त्यांच्या घराचा नंबर इथे कशाला? मी मोबाइल काढला, वेळ बघतेय असं दाखवलं आणि फोटो घेतला. सानियाने पाहिलं. तिला वाटलं मी तिचाच काढतेय. ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि ओढणी सारखी करून हसली.

घरी येऊन मी तो फोटो कापला. सानिया जाईल आणि कागद राहील एवढा. मग नितेशदादाला पाठवला. खाली लिहिलं — "हे बघ. आपल्या बिल्डिंगचे नंबर. फुल्या कसल्या?"

त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "शाब्बास. शेवटी घरात कोणीतरी शिकलेलं कामाला आलं." मी ते तीन-चार वेळा वाचलं. दादा मला कधी शाब्बास म्हणाला नव्हता. मी कॉलेजला जाते म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा आणि ते काही कौतुकाने नाही. त्या संध्याकाळी मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं अजून आठवतं. ते विसरले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

मंगळवारी, बुधवारी मी कॉलेजात होते. गुरुवारी पुन्हा गेले. गुरुवारी नवा धडा नसतो, आठवडाभराचं सगळं परत म्हणायचं असतं. मी जाऊन पाच मिनिटं झाली असतील तर सानिया स्टीलचा डबा घेऊन आली. हाफिजसाबांनी तो घेतला, कपाट उघडलं, डबा आत ठेवला आणि दारावरच्या कागदावर एका नंबरापुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली. माझ्यासमोर. लपवायचं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मी विचारलं, "ये क्या है?"

"ये?" ते पहिल्यांदा हसले. "ये तो मेरा पेट है."

आणि त्यांनी सांगितलं. गावाकडचा माणूस, एकटा, खोलीवर स्वयंपाक नाही. म्हणून शिकवणाऱ्याचं जेवण मोहल्ल्याने करायचं, ही जुनी पद्धत. घरांच्या पाळ्या लावलेल्या. आज या घरून डबा, उद्या त्या. नंबरापुढे उर्दूत वार लिहिलेला. लाल फुली म्हणजे त्या घराकडून डबा मागायचा नाही. एका घरी बाळंतीण होती. एका घरी आजोबांना केमो चालू होती. तिसऱ्या घरची बाई अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जाते, तिला कुठे त्रास द्यायचा? मुलं डबा आणायला जातात, त्यांना पाठ राहत नाही, म्हणून कागद.

मी हळूच विचारलं, बी-२०४?

"वो दीदी खुद बोलीं. हमने नहीं माँगा." सुर्वेवहिनींचा धाकटा भाऊ गुजरातेत एका कंपनीत होता, एकटाच, खानावळीत जेवायचा. वहिनींनी डबे घेऊन जाणारी मुलं पाहिली होती. एकदा जिन्यात सानियाला थांबवून म्हणाल्या, माझा गुरुवार लाव. वरण-भात, एक भाजी. "बोलती हैं, मेरे भाई को भी उधर कोई देता होगा."

त्या दिवशीचा डबा त्यांचाच होता. त्यांनी तो उघडून मला दाखवला. वर एका कागदात लोणचं बांधलेलं.

म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मला सगळं माहीत झालं होतं. ही वेळ मी मुद्दाम लिहिते आहे. यानंतर जे झालं ते न कळून झालं नाही.

मी बाहेर आले आणि दादाला पाठवलेला फोटो पुसून टाकायला मोबाइल उघडला. तीन दिवस उलटून गेल्यावर तो पुसताही येत नव्हता. आणि पुसून तरी काय? मी काढलेलाच फोटो मला दुसरीकडून आला होता, गावच्या एका ग्रुपवर. खाली लिहिलेलं — "सोनिवलीतल्या मदरशात सापडलेली घरांची यादी. फुली मारलेली घरं कोणाची?" शुक्रवारपर्यंत तो बदलापूरच्या दोन ग्रुपवर होता. मैत्रिणीने मलाच पाठवला — "तुमच्याकडचं आहे ना? सांभाळून राहा." मी तिला हात जोडल्याची खूण पाठवली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. एका ओळीचं काम होतं. "ही जेवणाच्या पाळीची यादी आहे." ही ओळ मी टाइप केली. दोनदा केली, ग्रुपवर, आणि दोन्ही वेळा पुसली. सगळे विचारणार — तुला कसं माहीत? मग फोटो कोणी काढला? मग तेव्हा विचारलं का नाहीस? मी वेडी ठरणार. आणि दादाचं ते शाब्बास परत जाणार. मी स्वतःला असंही सांगितलं की मी वहिनींसाठी गप्प आहे. त्यांच्या नवऱ्याला डब्याचं माहीत नसेल, उगाच घरात भांडण होईल. हे कारण फार सोयीचं होतं. वहिनींनी मला काही सांगितलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. आणि २०४ चं नाव न घेताही बाकीचं सगळं सांगता आलं असतं.

रविवारी सकाळी काकीने समोरून हाक मारली, "बाय, जरा ये गो. काका बोलवतात."

ओटीवर काका खुर्चीत होते. दादा, संकुलातले तिघे आणि सुर्वे. चहाचे कप रिकामे झालेले. म्हणजे बोलणं बरंच झालेलं होतं.

"आली आमची प्रोफेसर," दादा म्हणाला.

सुर्वे तापलेले होते. "माझ्या घराचा नंबर त्यांच्याकडे कशाला? मी काय त्यांच्या देण्यात की घेण्यात?"

काका म्हणाले, "त्या मास्तरला बोलवा. त्यालाच विचारू ना."

"तो काय खरं सांगणाराय?" दादा म्हणाला. "बाबा, तुम्ही पण ना. चाचा चाचा केलं की झालं तुमचं."

काका माझ्याकडे वळले. त्यांचा मोबाइल साधा आहे. फोटो त्यांनी दादाच्या मोबाइलवर पाहिला होता, लांब धरून. त्यांना तो कागद नीट दिसलाही नसणार. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं आणि म्हणाले —

"बाय, तू तिकरं गेलेलीस. तू शिकलेली हायस. ती कसली यादी हाय, तू सांग. तू बोलशील ते मी मानीन. मग यांना मी बघतो."

त्यांनी दादाकडे पाठ केली होती. त्यांना गाळा दादाला द्यायचा नव्हता हो — हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. ते माझ्याकडे आधार मागत होते. त्या ओटीवर माझ्या एका वाक्याला जेवढी किंमत होती तेवढी आजवर माझ्या कुठल्याच वाक्याला नव्हती, आणि पुढेही कदाचित नसेल. दादा माझ्याकडे बघत होता. फोटो मी काढला हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, माझं नाव येऊ नये म्हणून. त्या क्षणी तो मला सांभाळून घेत होता. मला ते दिसत होतं.

मी म्हणाले, "मला नाही माहीत, काका."

आणि लगेच, कोणी विचारलं नसताना — "मी फक्त मुलांशी बोलले. कपाट बंद असतं त्यांचं."

हे दुसरं वाक्य बघा. पहिलं भीतीने आलं असं म्हणता येईल. दुसरं कुठून आलं? ते मी बनवलं. चांगलं, पटेल असं बनवलं. कपाट बंद असतं — म्हणजे आत काहीतरी असणारच. ते ऐकून सुर्वे मागे टेकून बसले. दादाने मोबाइल खिशात टाकला. काका एवढंच म्हणाले, "हिला पन माहीत नाय म्हंजे..." आणि वाक्य सोडून दिलं.

सोमवारी काका स्वतः गाळ्यावर गेले. दादाला पाठवलं नाही. मी तिथे नव्हते, काकीने नंतर आईला सांगितलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. हाफिजसाबांनी कारण विचारलंच नाही. फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. "चाचा, गुरुवारपर्यंत थांबता येईल का, मुलांचा या आठवड्याचा धडा पुरा होईल," एवढं ते म्हणाले. काका म्हणाले, थांबा. पण हाफिजसाबच थांबले नाहीत. मंगळवारी दोन बापांनी मिळून कपाट टेम्पोत चढवलं. मुलं पुस्तकं ठेवायचे घडीचे लाकडी स्टँड छातीशी धरून आपापल्या विंगमध्ये गेली.

आता हाफिजसाब अंबरनाथ पश्चिमेला शिकवतात. संकुलातली मोठी मुलं रिक्षाने तिकडे जातात. लहान मुलं जात नाहीत. मुली जात नाहीत — एवढ्या लांब त्यांना पाठवायला घरचे तयार नाहीत. सानिया अठ्ठाविसाव्या सिपाऱ्यावर थांबली. ती मला संकुलाच्या गेटवर भेटते. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने विचारलं, "ताई, तुमचा प्रोजेक्ट झाला का?"

मी म्हटलं, "झाला."

"आमचं नाव आहे त्यात?"

प्रकल्पात मुलांची नावं घालायची नसतात, असं मी तिला सांगितलं. ते खरं आहे.

आणि प्रकल्प — हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. प्रकल्पात मी सगळं खरं लिहिलं. एक पूर्ण भाग आहे त्यात, शिक्षकाच्या भोजनाची सामुदायिक व्यवस्था. घरांच्या पाळ्या कशा लावतात, खूण कधी करतात, अडचणीतल्या घरांना कसं वगळतात, "काही वेळा अन्य धर्मीय कुटुंबेही स्वेच्छेने सहभागी होतात" — सगळं. मॅडमनी वर्गात तोच भाग वाचून दाखवला. म्हणाल्या, बाहेर एवढं संशयाचं वातावरण असताना हिने आत जाऊन समजून घेतलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त गुण मलाच. मी तेव्हाही उभी राहून काही बोलले नाही. सांगायची वेळ आली होती म्हटलं ना, त्यातली ही एक.

म्हणजे सांगायला जमत नव्हतं असं नाही. सांगितलं की. जिथे कोणाचं काही अडत नव्हतं तिथे छान मराठीत लिहून, स्पायरल बाइंडिंग करून दिलं. ते आजही विभागाच्या कपाटात असेल.

गाळ्यात दादाचं ऑफिस झालं. परीक्षेनंतर त्याने मला तिथे बसायला सांगितलं. भाडेकरूंचे फोन घ्यायचे, करारनामे टाइप करायचे. मी बसले. अडीच महिने. दुपारी चारनंतर ऊन आत यायचं तेव्हा मी शटर निम्म्यावर ओढून घ्यायचे. एकदा एका कुटुंबाचा फोन आला, नाव ऐकून दादाने नको अशी मान हलवली आणि मी म्हणाले, फ्लॅट गेला, सॉरी. फ्लॅट रिकामा होता. मग पुढच्या शिक्षणाचं कारण सांगून मी ते काम सोडलं. हेही धाडसाने नाही, एम.ए.चे तास दुपारचे होते म्हणून.

सुर्वेवहिनी एकदा भाजीच्या गाडीवर भेटल्या. दुधी बघत बघत त्या म्हणाल्या, "मी पण नाही बोलले गं. ह्यांना सांगायचं कसं?" मला वाटतं त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. मला त्यांच्या त्या वाक्याने बरं वाटलं — अजून एक जण गप्प होतं म्हणून. मग त्या बरं वाटण्याचाही मला संशय आला. त्यांना ओटीवर बोलावून कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

काका आता थोडे थकले आहेत. कागद घेऊन अजूनही माझ्याकडेच येतात. मागच्या आठवड्यात पेन्शनचा फॉर्म घेऊन आले. मी वाचून सांगितला, कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. सही झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि आपणहून विषय काढला. त्या मास्तरला उठवलं ते बरं केलं का, हे त्यांना अजून कळत नाही म्हणे. मग स्वतःच म्हणाले, "पर तुला तरी कुठं माहीत होतं."

मी फॉर्मची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

ते समोरच्याच घरात राहतात. मधे अंगण आहे, दहा-बारा पावलांचं. मी अजून गेलेली नाही.